केवळराम धुरकऱ्याचं उडणं

बसा ना जी, बसा, उभ्याउभ्या काय पुसून राहिले — या चिंचेखाली बसा, सावली आहे, तलावावरचा वारा आहे, अन् परतीची जीप ऊन उतरल्याशिवाय येत नाही. तुम्हाले घाई असन, जीपवाल्याले नाही. खर्रा घेता, सुपारी-तंबाखूचा? नाही? साजरी गोष्ट आहे. मी बी सोडला होता, मंग पुन्हा धरला. तं काय म्हटलं तुम्ही, केवळरामचं घर कोणतं? आहे ना घर, घर काही पळून नाही जात. पण घराच्या आधी माणसाबद्दल पुसाव, बराबर का नाही? अन् त्याच्यासाठीच तं आले तुम्ही — लाजता कायले! पांढरी फक आंगी, कॉलरमंधी रुमाल, नवी चप्पल, अन् या चोरखमारा तलावाच्या बांधावर, पाळीवर, एक-एक शेण चुकवत चालून राहिलेला माणूस आमच्याकडं दोनच कामासाठी येते, एक तं मतं मागाले, नाही तं पोट्टीची पुसतपास कराले. मतं होऊन गेले. आमच्यात बी हेच चालते जी, आधी एक माणूस गुपचूप पाठवाचा, गावात इकडून तिकडून पुसाचं, बाप कसा, पोट्टी कशी, मंग पाव्हणे येतात. फक्त ते गुपचूप काही राहत नाही. तुम्ही जीपमधून पाय खाली ठेवला नाही तं किराणावाल्या धुरपताबाईनं मले फोन — म्हणजे मले नाही, असंच, गावाले. तं तुम्ही पोट्ट्याचे मामा. राजदीपचे. हव का. अन् मी कोण? मी कोणी नाही जी. बिसराम म्हणा. बिसराम ढिवर, या तलावात जाळं टाकतो. हा दुपट्टा? उन्हाचा बांधला. सावलीत बी ऊन लागते कोणाकोणाले.

तं केवळराम. आता पाहा, मले खोटं बोलता येत नाही, तोच माझा प्रॉब्लेम आहे, म्हणून सांगतो — माणूस बेकार. एकदम फालतू. हेकेखोर, बढाईखोर, कोणाचं ऐकत नाही. जवानीत शंकरपटाच्या शर्यतीत जोडी हाकले, धुरकरी होता, छकड्यावर बसून बैल असे पळवे का पाहणाऱ्याच्या टोपीतून डोकं निघून जाईन. बैल पाटलाचे, छकडा पाटलाचा, हात तेवढे केवळरामचे. पण त्या हाताचा गर्व पाहा, आता पट बी नाही, बैल बी नाही, तरी चहाचा कप असा धरते जसा कासराच धरला. असा सासरा पाहिजे तुमच्या राजदीपले? तुम्हीच विचार करा. अन् पोट्टी? रंजिता? पोट्टी बापावर गेली. मोठ्यानं हासते. पोळ्या करते त्या गोल नाही होत, तिरोडा तालुक्याचा नकाशा होते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगू? पाण्यावर उडते. हासू नका, खरंच उडते. ते पाहा, खाली, सुकलेल्या गाळावर ते निळंपिवळं कापड पसरून पंप मारून राहिली ना — ती तीच. हव, काळी अर्धी पँट. मी तं म्हणतो अशी पोट्टी घरात आणाच्या आधी माणसानं दहा वेळा इचार कराव.

ते काय आहे? पतंग आहे जी. संक्रांतीचा नाही, आपल्या ओसरीएवढा. त्याच्या कडेत हवा भरतात सायकलीच्या ट्यूबासारखी, लांब दोऱ्या असतात, दोऱ्या येतात एका दांडीले, दांडी येते कमरेच्या पट्ट्याले, अन् पायाखाली फळी. वारा पतंग ओढते, पतंग माणसाले ओढते, अन् माणूस पाण्यावरून जाते सर्रर्र. समुद्राचा खेळ आहे तो. ही तिकडं तामिळनाडूकडं होती ना, रामेश्वरच्या बाजूले, तिथी एक शाळा आहे याची. आधी लागली ऑफिसात, पाहुण्यांच्या खोल्या, जेवणखावण पाहाले. मंग संध्याकाळी तिथल्या मास्तरांनी तिले शिकवलं, मंग ती शिकली, मंग दुसऱ्याले शिकवाले लागली. समुद्र न पाहिलेल्या बापाची पोट्टी गोऱ्या साहेबांले शिकवून राहिली जी, का असं नाही, असं उभं राहा! — म्हणजे हे वाईटच आहे. मी वाईटच सांगून राहिलो. मंग मागच्या साली तिची माय गेली, रुख्मा. तवा आली, अन् परत गेलीच नाही. येताना हा पतंग आणला, त्या शाळेत फाटला म्हणून फेकून राहिले होते, हिनं ठिगळं लावली. तं आता उन्हाळ्याच्या दुपारी वारा उठला का पोट्टी तलावावर. अख्खा गाव कामधंदा सोडून पाळीवर. धुरपताबाईनं तं इथी शेंगदाणे इकाले ठेवले.

आता केवळराम यात कसा घुसला, ते ऐका, म्हणजे तुम्हाले माणूस समजन. हा पतंग एकट्यानं उठत नाही. ती तिकडं दूर दांडी धरून उभी राहते अन् इकडं एकानं पतंग धरून राहाचं, तिनं अंगठा दाखवला का सोडाचं. गावातलं कोणी येईना, म्हणत भूत आहे त्या कापडात. तं बापाले उभं केलं. आता बाप रोज धरून राहिला, सोडून राहिला, धरून राहिला, सोडून राहिला, अन् हात खाजवाले लागले त्याचे. एक दिवस म्हणते कसा, रंजू, मी पाटलाची हिऱ्या-मोत्याची जोडी आवरली, जिनं माणसं तुडवली, अन् हे ठिगळाचं कापड मले आवरणार नाही? दे इकडं. ती म्हणे, बाबा, हे वेगळं आहे. हा म्हणे, काही वेगळं नाही, दोरी ते दोरी. ती म्हणे, मंग आधी हा शिकाचा लहान पतंग आहे माझ्याजवळ, त्याच्यावर शिका, जमिनीवर. याले वाटला अपमान. पण हे म्हणताना ती पोट्टी माय गेल्यापासून पहिल्यांदा हासली होती, तं म्हटलं चाल, शिकू — म्हटलं त्यानं. केवळरामनं म्हटलं.

पहिला दिवस. लहान पतंग, गाळावर. ती म्हणे, बाबा, समजा समोर आभाळात घड्याळ आहे, डोक्यावर बारा वाजले, इकडं तीन, तिकडं नऊ. बारावर पतंग शांत राहते, खाली आणला का जोर करते. केवळराम म्हणते, समजलं. समजलं काहीच नव्हतं. पतंग बारावर होता तोवर मान वर करून असा ऐटीत उभा, जसा तहसीलदार. मंग पाळीवरून कोणीतरी ओरडलं, वा रे धुरकरी! झालं. यानं पाहिलं तिकडं, पतंग आला तीनवर, अन् तीनवर आला तं जे ओढलं जी त्यानं — केवळराम पुढं, चप्पल मागं, गाळ गेला, दगडं गेले, थेट जाऊन बेशरमीच्या झुडपात. तुमच्याकडं बी आहे ना ती, तलावाच्या काठी, जांभळ्या फुलाची? तिच्यात. फक्त पाय बाहेर. अन् आतून आवाज येते, रंजू, बारा वाजले का ग? पाळीवरची माणसं त्या दिवशी पोट धरून धरून हासली. अन् पोट्टी? पोट्टी बसून गेली खाली, हासून हासून डोळ्यांत पाणी. तं केवळराम बेशरमीतून निघाला अन् म्हणे, उद्या पुन्हा.

मंग कपड्यांची गोठ. पाण्यात उतराचं तं ती म्हणे बाबा, अर्धी पँट घाला. हा म्हणे, धुरकऱ्यानं धोतर सोडलं तं लोक काय म्हणतील? तिनं समजावलं, पट्टा बसणार नाही, पाणी भरन, नाही ऐकलं. कास्टा मारला, वरून तो कमरेचा पट्टा, वरून लाल हेल्मेट. जत्रेतला बहुरूपी दिसे तुम्हाले खरं सांगतो. अन् दिवस कोणता निवडला, रविवार! विहारातली वंदना आटोपून बाया सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत पाळीवर येऊन बसल्या. पाण्यात उतरला, पतंग खाली आणला, फळी नव्हती अजून, आधी नुसतं अंग ओढून नेते पाण्यातून, तसं शिकाले लागते — तं ओढलं. तोंड उघडं. अर्धा तलाव पोटात. अन् धोतरात भरलं पाणी, पाण्यानं धरली गाठ, गाठीनं सोडला हात, अन् केवळराम गेला नागझिऱ्याच्या जंगलाकडं, धोतर राहिलं चोरखमाऱ्यात. बाया पदर तोंडात धरून उठल्या अन् गेल्या. पार्वताबाई, माझी बहीण, ती तं दोन दिवस बोलली — केवळरामची बहीण. त्याची बहीण मले बहिणीसारखीच आहे जी, गाव एक आहे, सगळे बहिणीच.

तसंच ते जाळं फाडलं माझं. बिसरामचं. म्हणजे मीच बिसराम ना, तं माझं. मी साजरं जाळं लावून ठेवलं, रोहू लागले होते, अन् हा माणूस पाण्यातून ओढत ओढत येऊन थेट जाळ्यात. मी किनाऱ्यावरून बोंबलून राहिलो, अरे केवळ्या, बाजूले हो! अन् मले ऐकू येत नाही, नाकातोंडात पाणी, हेल्मेट डोळ्यावर, पायात जाळं, अंगावर रोहू नाचून राहिला, अन् बिसराम काठावर काठी घेऊन उभा माझ्यासाठी, मी निघालो तं मारन, नाही निघालो तं मरन — काय? कोण किनाऱ्यावर अन् कोण पाण्यात? दोघं बी जी. हे पाहा, इतकी गडबड होती का समजतच नव्हतं कोण कुठी आहे. तुम्ही मधात टोकू नका, मंग माझं चुकते. थांबा, हा दुपट्टा काढतो, घाम आला.

हं. तं फळी. इथी एक गंमत आहे, ऐका. सगळे शिकणारे फळीवर उभं राहाले लय दिवस लावतात, असं ती सांगे. गोऱ्यांले आठवडा लागते, नोकरीवाल्यांले त्याहून जास्त. अन् केवळराम पहिल्याच खेपेले उभा! कसा? आपण धानाच्या रोवणीच्या आधी शेतात, बांधीत, चिखल करतो, बैलांच्या मागं फळीवर उभं राहून चिखल सारखा करतो, पाय मोकळे ठेवाचे, गुडघ्यात वाकाचं, भार मागच्या टाचेवर. तेच तं आहे हे! जनमभर केलं. पतंग खाली आला, पाण्यानं फळी धरली, अन् मी उठलो जी. उठलो! पाणी खालून सर्रर्र चाललं, वारा कानात, समोर पाण्यावर ऊन, अन् मले वाटलं आमगावचा पट आहे, अन् आपोआप निघाली आरोळी, पटातली — हॅ हॅ हॅ हुर्रर्रर्र! पाळीवरून लोकांनी तीच दिली परत. रंजिता गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती, टाळ्या वाजवून राहिली, ओरडून राहिली, बाबा, बाबा! रुख्मा पाहिजे होती त्या दिवशी. पाहिजे होती जी. तिनं शिव्याच दिल्या असत्या मले, पण पाहिलं असतं.

अन् तेवढ्यात आला झोत. जंगलाकडून. उन्हाळ्यातला वारा, त्याले काही नियम नाही. पतंगानं जी मान झटकली — आता पाहा, बैल उधळला तं धुरकरी काय करते? कासरा ओढते. पोटाशी घेते, दात खाते, पण ओढते. पटात कासरा सोडला त्या माणसाची गोठ त्याच्या नातवाच्या लग्नात बी निघते. तं मी ओढला. दांडी पोटाशी. अन् या पतंगाचं उलटं आहे जी! दांडी ओढली का तो अजून जोर करते. जेवढं ओढलं तेवढं उधळते. रंजिता ओरडून राहिली, सोडा बाबा, सोडा, हात सोडा! अन् मी मनात म्हणतो, मी सोडू? मी केवळराम धुरकरी, मी सोडू? अन् अजून ओढला. तं फळी गेली, पाणी गेलं, मी वर. किती वर? हे पाळीवरचे खांब आहेत ना, तेवढा तं असनच. धुरपताबाई म्हणते, हात जोडले होते मी हवेत. जोडले नव्हते, कासरा धरला होता. अन् तिकडून आपटलो गाळावर. मनगट गेलं. हे प्लास्टर त्याचंच. मंग ती पळत आली अन् म्हणे, बाबा, सोडलं असतं तं पतंग आपोआप पडून गेला असता. एवढंच होतं. सोडलं का थांबते. मी म्हटलं, हे आधी काऊन नाही सांगितलं? ती म्हणे, रोज सांगून राहिली होती. सांगत होती खरी. मीच ऐकलं नाही.

हं. मी केवळराम आहे. समजलंच असन तुम्हाले. आता काय लपवाचं, प्लास्टर बी माझं, धोतर बी माझं.

अन् कायले खोटं बोललो ते बी ऐका, म्हणजे मले येडा समजू नका — समजा, पण पुरा ऐकून समजा. तिले तिकडून फोन आहे. त्या शाळेतून. तिकडच्या पावसाळी वाऱ्याच्या आधी ये, नव्या शिकणाऱ्यांचा सगळा वर्ग तूच सांभाळ, पक्की मास्तरीण करतो म्हणतात. मी पडलो त्याच्या आधल्याच दिवशी आला तो फोन. ती जाणार होती. मले सांगितलं नव्हतं, पण पिशवी काढून झटकली होती, मी पाहिली. अन् दुसऱ्या दिवशी मी हात मोडून घेतला. पिशवी परत माळ्यावर. आता पार्वताबाईनं तुमच्या राजदीपची गोठ काढली, पंचायत समितीत बाबू आहे, साजरा पोट्टा आहे, निर्व्यसनी आहे. रंजितानं हव म्हटलं. मी पडवीत पडलो होतो, झोपलो नव्हतो, डोळे लावून होतो, तं ऐकलं. पार्वता म्हणे, पोट्टा न पाहताच हव म्हणते? तं ती म्हणे, गाव जवळ आहे ना आत्या, सांजच्यानं येऊन बाबाचा सैपाक करून जाता येईल. एवढंच म्हटलं. पोट्टा कसा आहे नाही, घर कसं आहे नाही, गाव जवळ आहे. तुम्हीच सांगा जी, तुमच्या राजदीपसोबत लग्न करून राहिली का माझ्या चुलीवरच्या भाताच्या गंजासोबत?

म्हटलं तिले, जा. का नाही म्हटलं! म्हटलं मी करतो माझा सैपाक. तं ती म्हणे, बाबा, तुम्हाले मीठ कशात टाकाचं ते बी समजत नाही. अन् मोडका हात पाहते असा. आता मी लग्न मोडलं तं तिले समजन माझ्यासाठी मोडलं, तं अजून जाणार नाही, हेकेखोर आहे, कोणावर गेली म्हणता! पण तुमच्याकडूनच नकार आला, तं मोकळी. म्हणून धुरपताबाईचा फोन आला तसा कानाले दुपट्टा बांधून इथी येऊन बसलो. कानाची पाळी फाटली आहे ना माझी, मोत्याच्या शिंगानं, त्याच्यावरून दूरदूरचे ओळखतात मले. म्हटलं झाकून बसाव, पोट्टीची, बापाची दणकून बदनामी कराव, पाव्हणे घराकडं न जाताच — काय? कवा ओळखलं? बसा म्हटलं तवाच? आवाजावरून! आमगावच्या पटात होते तुम्ही? — अन् मंग एवढा वेळ बिसराम, बिसराम म्हणून मान हालवून राहिले! लय खोडी आहात जी तुम्ही. मी कान झाकला, आवाज कसा झाकाचा, हे ध्यानातच नाही आलं.

अन् आता काय म्हणता? पोट्टी पसंत आहे? अरे बाप्पा! हे तं उलटंच झालं. नकाशासारख्या पोळ्या सांगितल्या ना मी? मोठ्यानं हासते सांगितलं ना? — राजदीपले हासणारीच पाहिजे. हव का. साजरा असन तो, मी नाही कुठी म्हणतो. लग्नानंतर बी तलावावर येऊ देऊ म्हणता. तुमचं मन मोठं आहे. पण तलाव तिले पुरत नाही जी. मी तिले या पाण्यावर पाहतो ना, इकडून सुटली का तिकडचा काठ येऊन जाते, मंग वळते, पुन्हा काठ येते. मले बसल्याजागी समजते, जोडीले धाव अपुरी पडून राहिली. मले भेव नाही वाटत असं नका समजू. वाटते. रुख्मा गेली, आता घरात रंजूचा एक आवाज आहे, तो बी गेला तं मी संध्याकाळी कोणाशी भांडू? रेडिओशी? पण तरी हात जोडतो — एकच जुळते सध्या, तोच समजून घ्या — नाही म्हणा. माझ्या नावानं म्हणा. बाप येडा आहे, खोटं नाव सांगते, धोतर सोडून उडते, अशा घरात पोट्टा देत नाही म्हणा. यात एक बी शब्द खोटा नाही. पार्वताबाई तुम्हाले शिव्या देईन, त्या मी ऐकून घेतो.

इचार करा, पण चालता चालता करा, उठा. नाही, जीपकडं नाही, खाली. ती हात करून राहिली, दिसते ना? पतंग भरला तिचा, धराले माणूस पाहिजे. माझ्याऐवजी रोज बिसराम धरते, पण तो आज तिरोड्याले गेला — खरा बिसराम. माझा हात हा असा. तं तुम्हीच धरा. आंगी मळन, मळू द्या. चप्पल काढून ठेवा इथी दगडावर, गाळात नवी चप्पल गेली तं तुमची बाई मले नाव ठेवन. तिले सांगतो तलाव पाहाले आलेले पाव्हणे आहेत. सांभाळून उतरा, इथी भेगा आहेत.

इथी उभे राहा. ही फुगलेली कडा दोन्ही हातांनी धरा, दोऱ्यांच्या बाजूले नका येऊ. थरथरते ना? जोडी बी सुटाच्या आधी अशीच थरथरते. ओढू नका. ढकलू बी नका, मी पहिल्यांदा ढकलला होता तं तिच्या शिव्या खाल्ल्या. नुसतं धरून राहा अन् तिच्याकडं पाहा. माझ्याकडं नाही जी, तिच्याकडं. आता ती दोऱ्या पाहून राहिली, आता वारा पाहते, मंग अंगठा दाखवते, का आपलं काम संपलं. लय घट्ट धरलं तुम्ही. हव, मले बी असंच होते, हात ऐकत नाहीत. अंगठा दाखवला तिनं. दिसला ना? मंग सोडा. सोडा जी.

हं.

साजरं सोडलं. वर गेला पाहा सरळ, बारावर. डोळे पुसा, धूळ गेली असन, माझ्या बी गेली. आता निघा, जीप हॉर्न देऊन राहिली, अन् घरी काय सांगाचं ते इसरू नका. ओ पाव्हणे! अनवाणी कुठी चालले, चप्पल राहिली ना चिंचेखाली! — जय भीम, जय भीम. जा.